फाइल्सना चार अक्षरांचं शेपूट लागलंय? स्टॉप/डीजेव्हीयू रॅन्समवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो, डीटीपीवाल्यांच्या कोरलच्या फाइल्स, स्टुडिओतली लग्नाची शूटिंग्ज, क्लासच्या नोट्स, या सगळ्यांबद्दल मेसेज येतात आणि दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये खाली तोच एक व्हायरस निघतो, स्टॉप किंवा डीजेव्हीयू. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केलेत. एक विनंती आधीच करते, प्र. ५ वाचल्याशिवाय कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. फाइल्स परत मिळायची जी काही शक्यता असते ती लोक पहिल्या दोन तासांत स्वतःच्या हाताने घालवतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

१. हे स्टॉप/डीजेव्हीयू म्हणजे नक्की काय आहे?

विंडोजवर चालणारं रॅन्समवेअर आहे, म्हणजे तुमच्या फाइल्स एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावल्यासारख्या बंद करून, ठेवतं आणि उघडून देण्याचे पैसे मागतं. स्टॉप या नावाने ते २०१७ च्या शेवटी दिसलं, आणि डिसेंबर २०१८ च्या सुमारास लॉक केलेल्या फाइल्सना डीजेव्हीयू असं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाच्या शेवटचं शेपूट) लावणारी आवृत्ती आली, तेव्हापासून जोडनाव पडलं. मोठ्या कंपन्यांवर हल्ला करणाऱ्या टोळ्यांची बातमी होते, याची होत नाही, कारण याचं गिऱ्हाईक म्हणजे साधी घरची माणसं, विद्यार्थी, छोटे दुकानदार. एम्सिसॉफ्ट या सिक्युरिटी कंपनीच्या २०१९ च्या आकडेवारीत जगभरातून आलेल्या रॅन्समवेअरच्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त या एकट्याच्या होत्या, आणि जास्त तक्रारी येणाऱ्या देशांत भारत वरच्या नंबरांत होता.

२. मला हाच लागलाय की दुसरा कुठला, हे कसं ओळखू?

तीन-चार खुणा एकत्र बघायच्या, एकीवरून ठरवायचं नाही.

पहिली खूण फाइलच्या नावात. मूळ नाव आणि मूळ एक्स्टेन्शन तसंच राहतं आणि त्याच्यामागे अजून एक, बहुतेक वेळा चार अक्षरांचं, निरर्थक एक्स्टेन्शन लागतं. म्हणजे बिल डॉट पीडीएफ होतं त्याचं बिल डॉट पीडीएफ डॉट गेरो झालं. मधे कुठला ईमेल पत्ता नाही, चौकटी कंसात नंबर नाही. तसं काही असेल तर ही वेगळी जात आहे, प्र. १८ बघा.

दुसरी खूण खंडणीची नोट. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल पडलेली असते, नाव अंडरस्कोर रीडमी. आत सुरुवातच "अटेन्शन! डोन्ट वरी, यू कॅन रिटर्न ऑल युवर फाइल्स!" अशी असते, मग ९८० डॉलर मागितलेले, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे म्हणजे ४९० (अलीकडच्या नोटांमध्ये ९९९ आणि ४९९ सुद्धा दिसतात), एक फाइल फुकट उघडून दाखवायची ऑफर, दोन ईमेल पत्ते, आणि सगळ्यात खाली पर्सनल आयडी म्हणून अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ.

तिसरी खूण सी ड्राइव्हमध्ये. सिस्टमआयडी नावाचा फोल्डर तयार झालेला असतो, त्यात पर्सनलआयडी नावाची टेक्स्ट फाइल असते. ही सापडली की मला तरी शंका राहत नाही.

खात्री हवीच असेल तर आयडी रॅन्समवेअर नावाची फुकट सेवा आहे, मायकेल गिलेस्पी या संशोधकाने बनवलेली, तिथे नोट आणि एक लॉक झालेली फाइल अपलोड केली की जात सांगते. अपलोड करायला आधार कार्ड, पासबुक असलं काही निवडू नका, एखादा साधा फॉरवर्डचा फोटो घ्या.

३. माझं एक्स्टेन्शन कुठल्याच यादीत नाही, मग हा नवीन व्हायरस आहे का?

बहुतेक नाही. या एकाच कुटुंबाने शेकडो एक्स्टेन्शन्स वापरली आहेत, प्यूमा, रुंबा, गेरो, हेसे, नेसा, माडो, अशी न संपणारी यादी आहे, काही दिवस एक वापरायचं की पुढचं. त्यामुळे एक्स्टेन्शन गुगल करून "याचा स्पेशल रिमूव्हर" शोधत बसण्यात अर्थ नसतो, उलट त्या सर्चमध्येच भामट्यांच्या साइट्स पुढे येतात. एक्स्टेन्शनचा उपयोग एवढाच की त्यावरून आवृत्ती जुनी की नवी ते कळतं, आणि ते का महत्त्वाचं ते प्र. ९ मध्ये आहे.

४. माझ्याकडे जुन्या स्कॅन केलेल्या ग्रंथांच्या फाइल्स आहेत, त्यांचं एक्स्टेन्शन डीजेव्हीयू आहे. व्हायरस आहे का हा?

नाही नाही, डिलीट करू नका! डीजेव्हीयू हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा एक खराखुरा फॉरमॅट आहे, १९९० च्या दशकापासूनचा, आणि इंटरनेट अर्काइव्हवरची बरीच जुनी पुस्तकं त्यात मिळायची. व्हायरसवाल्यांनी नाव तिथूनच उचललं. फाइल योग्य रीडरमध्ये उघडत असेल, नावात एकच एक्स्टेन्शन असेल आणि शेजारी रीडमीची नोट नसेल तर ते पुस्तकच आहे.

५. आत्ता, या मिनिटाला काय करू? फाइल्स एकेक करून बदलताना दिसतायत

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, जोडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह ओढून काढा. फाइल्स खरंच डोळ्यांदेखत बदलत असतील तर पॉवर बटण दाबून धरा आणि मशीन सरळ बंद करा, जेवढ्या वाचतील तेवढ्या वाचवा. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह कॉम्प्युटरवर सिंक होत असेल तर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून बघा काय परिस्थिती आहे ते, प्र. १३ मध्ये पुढचं सांगितलंय.

मग हार्ड डिस्क काढून दुसऱ्या स्वच्छ मशीनला जोडून (जमत नसेल तर ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडून) या गोष्टी बाजूला कॉपी करा: लॉक झालेल्या सगळ्या महत्त्वाच्या फाइल्स, रीडमीची नोट, आणि तो सिस्टमआयडी फोल्डर. या तीन गोष्टी हातात असल्या की मग खुशाल फॉरमॅट करा. लोक घाबरून आधी विंडोज नवीन टाकतात आणि मग विचारतात की ताई आयडी कुठे मिळेल. तसा तो लॉक झालेल्या फाइलच्या शेवटीही लिहिलेला असतो म्हणून सगळंच संपत नाही, पण फाइल्सच पुसल्या असतील तर मात्र करण्यासारखं काही उरत नाही.

६. मी तर कुठलाच अनोळखी मेल उघडला नाही, मग आला कुठून?

हा व्हायरस मुख्यतः मेलमधून येतच नाही. क्रॅक, कीजेन, ॲक्टिव्हेटर, यांच्यातून येतो. ऑफिस किंवा विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करायचं टूल, फोटोशॉपचा क्रॅक, गेमचा पॅच, व्हिडिओ एडिटरचं "फुल व्हर्जन", असलं काहीतरी त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी टाकलेलं असतं. झिप फाइलला पासवर्ड असतो आणि तो शेजारीच लिहिलेला असतो, तो अशासाठी की अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये. आणि सोबत सूचना असते, "इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा", क्रॅकमध्ये ही सूचना नेहमीचीच म्हणून माणूस ती पाळतो. तिथेच दार उघडतं.

हे विचारलं की बरेच जण गप्प होतात. मला कुणाला लाज वाटायला लावायची नाहीये, आपल्याकडे कित्येकांना मशीन विकत देतानाच दुकानदार क्रॅक टाकून देतो आणि गिऱ्हाइकाला माहीतही नसतं. पण घरात कुणी काय डाउनलोड केलं ते खरं खरं शोधा, विशेषतः कॉम्प्युटर मुलंही वापरत असतील तर, आणि त्यांच्यावर न ओरडता विचारा. ती फाइल अजून डाउनलोड्समध्ये पडलेली असेल तर फॉरमॅट केल्यावर तीच पुन्हा चालवली जाते, असं खरंच होतं.

७. आत शिरल्यावर हा नक्की काय काय करतो?

आधी इंटरनेटवरच्या एका सेवेला विचारून तुम्ही कुठल्या देशात आहात ते बघतो. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, सीरिया असे काही देश निघाले तर काहीही न करता बंद पडतो. भारत त्या यादीत नाही.

मग स्वतःची एक कॉपी युजरच्या लोकल ॲपडेटा फोल्डरमध्ये, लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्या फोल्डरच्या परवानग्या अशा बदलतो की तो सहज डिलीट होऊ नये. रजिस्ट्रीत सिसहेल्पर नावाची नोंद करतो म्हणजे विंडोज सुरू झालं की हा सुरू, आणि टास्क शेड्युलरमध्ये टाइम ट्रिगर टास्क नावाचं काम लावतो जे दर काही मिनिटांनी त्याला परत उठवतं. मशीन साफ न करता तुम्ही पेन ड्राइव्हवरून नवीन फाइल्स आणल्या तर त्याही लॉक होतात, त्याचं कारण हे टास्क.

मग गुन्हेगारांच्या सर्व्हरकडून की (फाइल्सच्या कुलपाची किल्ली) मागवतो, आणि फाइल्स लॉक करायला घेतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे तिचा उपयोग आहे: तो पूर्ण फाइल लॉक करत नाही, फक्त सुरुवातीचे साधारण १५० केबी. वेग हवा म्हणून असं करतो. छोटी वर्डची फाइल पूर्णच जाते पण दोन जीबीच्या व्हिडिओतला जवळजवळ सगळा डेटा मूळ स्थितीतच असतो, फक्त सुरुवात बिघडलेली असते.

बऱ्याच आवृत्त्यांमध्ये हे चालू असताना स्क्रीनवर खोटी विंडोज अपडेटची खिडकी दिसते, टक्केवारी पुढे सरकताना, म्हणजे हार्ड डिस्क का घरघरतेय असा संशय येऊ नये. "अपडेट चालू होतं म्हणून मी थांबलो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. शिवाय होस्ट्स फाइलमध्ये (कुठली साइट कुठे आहे हे विंडोज जिथे बघतं ती फाइल) सिक्युरिटी साइट्सची नावं टाकून त्या उघडणार नाहीत अशी सोय करतो. आणि जाताजाता पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम आणून ठेवतो, तो विषय इतका महत्त्वाचा आहे की त्याला वेगळा प्रश्न दिलाय, प्र. १५.

८. अँटिव्हायरसने व्हायरस काढला, मग फाइल्स अजून का उघडत नाहीत? नाव बदलून चालेल का?

व्हायरस काढणं आणि फाइल्स उघडणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. अँटिव्हायरस प्रोग्रॅम काढतो, पण फाइलच्या आतला मजकूर बदलून झालेला असतो, तो कीशिवाय परत होत नाही. साफ करायलाच हवं, नाहीतर प्र. ७ मधलं टास्क परत परत लॉक करत राहणार, पण साफ केलं म्हणून फाइल्स येतील ही आशा ठेवू नका. शेवटचं एक्स्टेन्शन काढून टाकलं तर फक्त आयकॉन जुना दिसतो, बाकी काही नाही, आणि डिक्रिप्टरला (लॉक झालेल्या फाइल्स उघडणाऱ्या टूलला) ती फाइल ओळखायला अडचण होते. करायचंच असेल तर कॉपीवर करा.

९. ऑनलाइन आयडी, ऑफलाइन आयडी हे काय आहे? माझा कुठला?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं तर सर्व्हर फक्त तुमच्या मशीनसाठी वेगळी की देतो, तिला ऑनलाइन की म्हणतात. सर्व्हर बंद असेल किंवा त्यावेळी नेट गेलेलं असेल तर तो स्वतःच्या आत आधीच भरून ठेवलेली की वापरतो, ती त्या आवृत्तीच्या सगळ्या लोकांसाठी एकच असते, ही ऑफलाइन की. म्हणजे ऑफलाइनवाल्यांपैकी कुणा एकाची की मिळाली की त्या आवृत्तीच्या बाकी सगळ्यांचं काम होतं.

ओळखायचं असं, नोटमधल्या किंवा सिस्टमआयडी फोल्डरमधल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं बघा. इंग्रजी लहान टी आणि त्यापुढे १ असेल तर ऑफलाइन. दुसरं काहीही असेल तर ऑनलाइन.

आता जुनी-नवी आवृत्ती. ऑगस्ट २०१९ च्या शेवटापर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये एन्क्रिप्शन कच्चं होतं, त्यातल्या १४८ आवृत्त्यांसाठी एम्सिसॉफ्टने गिलेस्पींसोबत ऑक्टोबर २०१९ मध्ये फुकट डिक्रिप्टर आणला. गेरोपासून पुढच्या आवृत्त्यांत गुन्हेगारांनी आरएसए हे पक्कं एन्क्रिप्शन नीट वापरायला सुरुवात केली, आणि तिथून पुढे ऑनलाइन आयडी असेल तर की फक्त गुन्हेगारांकडे असते. ही वाईट बातमी आहे आणि मी ती गोड करून सांगत नाही, कारण खोट्या आशेपायी लोक नंतर भामट्यांना पैसे देतात.

१०. एम्सिसॉफ्टचा डिक्रिप्टर चालवला, तो इंग्रजीत काहीतरी सांगून थांबला. त्याचा अर्थ काय?

"नो की फॉर न्यू व्हेरियंट ऑनलाइन आयडी" असं आलं तर नवीन आवृत्ती आणि ऑनलाइन की, आज उघडणार नाही, प्र. १२ आणि १३ कडे जा.

"नो की फॉर न्यू व्हेरियंट ऑफलाइन आयडी" आलं तर की त्यांच्याकडे अजून आलेली नाही पण पुढे येऊ शकते, प्र. २० बघा.

"अनएबल टु डिक्रिप्ट ओल्ड व्हेरियंट आयडी" आलं तर आनंदाची गोष्ट आहे, फाइलच्या जोड्या देऊन काम होऊ शकतं, पुढचा प्रश्न वाचा.

"रिमोट नेम कुड नॉट बी रिझॉल्व्ड" आलं तर घाबरू नका, टूलला नेटवर जाता येत नाहीये. एकतर नेट बंद आहे किंवा व्हायरसने होस्ट्स फाइल बिघडवलीय. ती सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये असते, मूळ स्थितीत आणली की टूल चालतं. आणि हो, डिक्रिप्टर एम्सिसॉफ्टच्या किंवा नो मोअर रॅन्सम या उपक्रमाच्या (प्र. १८) अधिकृत साइटवरूनच घ्या. २०२० मध्ये डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर म्हणून एक टूल फिरत होतं ते स्वतःच झोराब नावाचं रॅन्समवेअर निघालं, आधीच लॉक झालेल्या फाइल्सवर दुसरं कुलूप लावायचं.

११. जुना व्हेरियंट आहे, फाइलची जोडी मागतोय. ती कुठून आणू?

एक लॉक झालेली फाइल आणि तिचीच लॉक होण्याआधीची मूळ कॉपी, दोन्ही १५० केबीपेक्षा मोठ्या, अशी जोडी लागते. मूळ कॉपी शोधायच्या जागा: कुणाला मेलने पाठवलेली अटॅचमेंट, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल (फोटो म्हणून पाठवलेली चालत नाही, व्हॉट्सॲप तो लहान करतं त्यामुळे ती वेगळीच फाइल होते), कॅमेऱ्याचं कार्ड, जुना पेन ड्राइव्ह, किंवा नेटवरून उतरवलेलं एखादं पीडीएफ जे परत उतरवता येईल. विद्यापीठाचा अभ्यासक्रम, सरकारी जीआर, मोबाइलचं मॅन्युअल, असलं काहीतरी प्रत्येकाच्या डाउनलोड्समध्ये असतंच, ते फार कामाला येतं.

प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी वेगळी जोडी द्यावी लागते. आणि फोटोंचा घोळ असा की फाइलचे पहिले पाच बाइट्स सारखे असतील तरच एक जोडी दुसऱ्याला चालते, म्हणून पीडीएफ एका जोडीत बरेच उघडतात पण जेपीजीला मोबाइलच्या फोटोंची एक, कॅमेऱ्याच्या फोटोंची एक, फेसबुकवरून घेतलेल्यांची एक अशा जोड्या लागू शकतात. चिकाटीचं काम आहे, पण जुना व्हेरियंट असेल तर सोडू नका.

१२. ऑनलाइन आयडी आहे. लग्नाचे व्हिडिओ आहेत, क्लायंटचे. काहीच होणार नाही का?

व्हिडिओंचं बरंच काही होऊ शकतं! प्र. ७ मध्ये सांगितलं तसं फक्त पहिले १५० केबी बिघडलेत. डिस्कटूनाचं मीडिया रिपेअर नावाचं फुकट टूल खास याच व्हायरससाठी आहे, एमपी४, एमओव्ही, ३जीपी, एमपी३, वेव्ह अशा फाइल्स दुरुस्त करतं. त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगमध्ये शूट केलेली एक चांगली फाइल नमुन्याला लागते, तर आज परत थोडंसं शूट करा त्याच रिझोल्यूशनला, त्याच फ्रेम रेटला. कॅमेरा किंवा मोबाइल थेट शूट करतो तेव्हा फ्रेम्स कुठे आहेत याची यादी बहुधा फाइलच्या शेवटी लिहितो, ती शाबूत असते म्हणून दुरुस्ती होते. नेटवरून उतरवलेल्या व्हिडिओत ती यादी बरेचदा सुरुवातीला असते, ते सहसा होत नाहीत.

झिप आणि रार फाइल्सची कॉपी करून, शेवटचं एक्स्टेन्शन काढून, विनरारच्या रिपेअरने बघा. सुरुवातीची एखाददुसरी फाइल जाते, बाकीच्या बऱ्याचदा निघतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्समध्ये मोठं जेपीजी प्रीव्ह्यू दडलेलं असतं, ते बऱ्याच मॉडेल्समध्ये बिघडलेल्या भागाच्या पलीकडे असतं त्यामुळे बाहेर काढता येतं. रॉ नाही मिळाली तरी छापण्यासारखा फोटो मिळतो. साध्या जेपीजीमध्ये वरचा भाग जातो आणि खालचा मिळू शकतो, फोटो मोठा असेल तर. वर्ड, एक्सेल, लहान पीडीएफ यांच्यात मात्र दुरुस्तीला फारसं काही उरत नाही.

१३. मग वर्ड, एक्सेल, टॅली, घरचे फोटो? बॅकअप घेतलेलाच नाही

बॅकअप नाही म्हणता पण कॉपी बहुतेक कुठेतरी असते. टॅलीचा डेटा सीएकडे पाठवला होता का? त्यांच्या मेलमध्ये असेल. पीएचडीचा ड्राफ्ट गाइडना पाठवला होता, तो त्यांच्याकडे आहे. बारशाचे फोटो आत्याच्या, मावशीच्या फोनमध्ये आहेत, फॅमिली ग्रुपवर वर स्क्रोल करत जा, दर्जा कमी असला तरी चेहरे आहेत. कॅमेऱ्याचं किंवा जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड फॉरमॅट केलेलं असलं तरी फोटोरेक या फुकट टूलने बघा, त्यावर नंतर जास्त काही लिहिलेलं नसेल तर खूप फोटो निघतात.

क्लाउड: गुगल ड्राइव्हवर फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात, वनड्राइव्हच्या पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये सगळं ड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या दिवसावर मागे नेता येतं. इथे खरंच घाई आहे, महिना उलटला की ती सोय जाते. विंडोजची शॅडो कॉपी (विंडोज स्वतःहून ठेवतं ती जुनी प्रत) बघा पण हा व्हायरस सहसा ती ठेवत नाही.

१४. पैसे भरू का? आणि ७२ तास उलटले तर फाइल्स कायमच्या जातील का?

७२ तासांनी फाइल्स जात नाहीत. नोट नीट वाचा, तिच्यात फक्त रक्कम दुप्पट होणार असं आहे. ती मुदत घाबरवायला आहे म्हणून आधी तेवढे तीन दिवस शांतपणे प्र. ९ ते १३ पूर्ण करा.

माझं मत, भरू नका. पैसे बिटकॉइनने जातात, परत मिळत नाहीत, समोरचा उत्तर देईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि त्याच पैशातून पुढची आवृत्ती निघते. ऐंशी-नव्वद हजार रुपये ही घरच्या माणसाला चेष्टा नाही. पण ज्याच्या उभ्या धंद्याचा हिशोब अडकलाय त्याला मी दुरून उपदेश करणार नाही, फक्त एवढं सांगेन की बाकी सगळे मार्ग तपासल्याशिवाय नाही, आणि कुणा मध्यस्थाच्या हातून तर अजिबात नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो, की बाजारातला रिकव्हरीवाला किंवा यूट्यूबवरचा कुणी "शंभर टक्के उघडून देतो, आधी ॲडव्हान्स द्या" म्हणतो. त्याला एकच विचारा, आयडी ऑनलाइन आहे की ऑफलाइन, आणि ऑनलाइन असेल तर की कुठून आणणार? उत्तर गोलगोल आलं तर निघून या. काही जण गुपचूप गुन्हेगारांनाच पैसे भरतात आणि वर आपलं कमिशन लावतात. नोटमधली फुकट एक फाइल उघडून घेऊन ती नमुना म्हणून दाखवणारेही असतात, त्यामुळे एक फाइल उघडून दाखवली हा पुरावा धरू नका. व्हिडिओ दुरुस्त करून देणारे प्रामाणिक कारागीर आहेत, पण ते दुरुस्ती म्हणतात, डिक्रिप्शन म्हणत नाहीत.

१५. फाइल्स गेल्या ते ठीक, फॉरमॅट केलं, आता तर धोका संपला ना?

नाही, आणि हे कुणी विचारतच नाही म्हणून मोठ्याने सांगते. स्टॉप/डीजेव्हीयू बरोबर पासवर्ड चोर येतात, आधी ॲझोरल्ट, नंतर व्हिडार, रेडलाइन अशी नावं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, लॉगिनच्या कुकीज (ज्यांच्यामुळे परत पासवर्ड टाकावा लागत नाही), सेव्ह केलेली कार्डं, क्रिप्टो वॉलेट्स, हे सगळं फाइल्स लॉक व्हायच्या आधीच बाहेर गेलेलं असू शकतं.

त्यामुळे दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून किंवा मशीनवरून आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांचं रीसेट तिथेच येतं. मग नेट बँकिंग, मग सोशल मीडिया, मग डीमॅट, जीएसटी, इन्कम टॅक्सची लॉगिन्स. प्रत्येक ठिकाणी "सगळ्या डिव्हाइसेसवरून साइन आउट" करा, नुसता पासवर्ड बदलून काही ठिकाणी चोरलेली कुकी चालूच राहते. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावा. महिन्याभराने यूट्यूब चॅनल किंवा इन्स्टा गेलं म्हणून येणाऱ्यांना मागे विचारलं की कळतं, त्याआधी हेच झालं होतं आणि पासवर्ड बदललेच नव्हते.

१६. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला, मोबाइलला, वायफायवरून पसरेल का?

स्वतःहून नेटवर्कवर उड्या मारत जाणारा हा प्रकार नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय, जूनमध्ये नॉटपेट्या हे दुसरे व्हायरस तसे पसरले होते, नॉटपेट्यात मर्स्क या जहाज कंपनीची सिस्टिम बंद पडली तेव्हा आपल्या न्हावाशेव्यातल्या जेएनपीटीचं टर्मिनल अडकलं होतं. डीजेव्हीयू तसं करत नाही. पण त्या मशीनवर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं जे काही दिसतं, पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क, शेअर केलेला फोल्डर, ते तो लॉक करतो. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये चालत नाही. लॉक झालेली फाइल स्वतः संसर्गजन्य नसते, ती कॉपी करायला, जपून ठेवायला हरकत नाही.

१७. माझ्या फाइल्सना दोन-दोन विचित्र एक्स्टेन्शन्स आहेत, आणि आयडीच्या फाइलमध्ये दोन ओळी आहेत. असं कसं?

दोन ओळी असतील तर बहुतेक असं झालंय की एकदा नेट नसताना आणि एकदा नेट असताना व्हायरस चालला, म्हणजे काही फाइल्स ऑफलाइन कीने आणि काही ऑनलाइन कीने लॉक झाल्या. ही वाईटातली बरी केस आहे, निदान काही फाइल्स तरी उघडू शकतात, म्हणून एक फाइल नाही उघडली तर सोडून न देता डिक्रिप्टर सगळ्या फोल्डरवर चालवा. टी१ वाली एखादी ओळ आहे म्हणून सगळं ऑफलाइन समजू नका, तसंच उलटही.

दोन एक्स्टेन्शन्स म्हणजे दोन वेगळ्या आवृत्त्या एकावर एक चालल्या. बाहेरचं आधी उघडायला लागतं, मग आतलं. दोन्हींच्या की हव्यात, त्यामुळे कठीण असतं.

१८. नोट आहे, पण तुम्ही सांगता तशी नाही. नावात ईमेल पत्ता आलाय

फाइलच्या नावात आयडी, मग चौकटी कंसात ईमेल, मग एक्स्टेन्शन असं असेल तर फोबोस किंवा धर्मा यांच्यासारखी जात असण्याची शक्यता जास्त. ती क्रॅकमधून क्वचित, बहुतेक रिमोट डेस्कटॉपमधून येते, म्हणजे टॅली घरून वापरता यावं म्हणून ऑफिसचा सर्व्हर नेटवर उघडा ठेवला आणि पासवर्ड सोपा होता. तिथे माणूस स्वतः आत शिरलेला असतो, त्यामुळे एक मशीन नाही, पूर्ण ऑफिस तपासावं लागतं. फोबोस आणि त्याच्याच नात्यातल्या ८बेससाठी जपानच्या पोलिसांनी जुलै २०२५ मध्ये फुकट डिक्रिप्टर दिलाय, म्हणून जुन्या लॉक झालेल्या फाइल्स ठेवल्या असतील तर आता परत करून बघा. बाकी जातींसाठी नो मोअर रॅन्समवर शोधा, युरोपोल आणि डच पोलिसांनी सिक्युरिटी कंपन्यांना घेऊन २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे तो.

१९. पोलिसांत तक्रार करून काही उपयोग आहे का?

फाइल्स त्यामुळे उघडणार नाहीत, पण करा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन करता येते, आणि खात्यातून पैसे गेले असतील (प्र. १५ मुळे जाऊ शकतात) तर लगेच १९३० ला फोन करा, तिथे उशीर महागात पडतो. क्लायंटचा डेटा गेला असेल तर तक्रारीची प्रत तुमच्याकडे असलेली बरी. आणि कंपनी असाल तर एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवावं लागतं.

२०. ऑफलाइन आयडी आहे, टी१ आहे, पण की नाही म्हणतो. किती थांबू?

तारीख कुणी सांगू शकत नाही. ऑफलाइन की तेव्हाच येते जेव्हा त्याच आवृत्तीत अडकलेला कुणीतरी पैसे भरतो आणि मिळालेली की एम्सिसॉफ्टला देतो. काही आवृत्त्यांची आठवड्यांत आली, काहींची आलीच नाही. तुमच्याकडून करायचं ते असं: लॉक झालेल्या फाइल्स, नोट आणि सिस्टमआयडी फोल्डर एका स्वस्त एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, डिस्कवर चिठ्ठी लावा म्हणजे घरात कुणी फॉरमॅट करणार नाही, आणि अधूनमधून त्यातल्या दोन-चार फाइल्सच्या कॉपीवर डिक्रिप्टर चालवून बघा. की आली की वेगळी बातमी येत नाही, तोच टूल एक दिवस सरळ फाइल उघडून देतो. नवीन मशीनवर काम मात्र आजच सुरू करा, आणि त्या डिस्कशिवाय अजून एक डिस्क घ्या जी बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवायची, कायम जोडून ठेवायची नाही.